हात मागे, तोंड बंद

"चहाची पावडर कुठे ठेवलीय तुम्ही लोकांनी?" बाईंनी विचारलं, आणि ओट्यापलीकडे उभ्या असलेल्या थेरपिस्टने, लगबगने, पाठीमागे दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरले.

डबा बाईंच्या डाव्या हाताशीच होता. झाकणावर मोठ्या अक्षरांत 'चहा' असं लिहिलेलंही होतं. दुसरं कोणीही असतं तर "हा काय, इथेच आहे की" म्हणून मोकळं झालं असतं. लगबग गप्प राहिली. परीक्षा चालू होती. शेगडीवर पातेलं, पातेल्यात पाणी, ओट्यावर दोन कप, आणि ओट्यासमोर बाई. या इस्पितळात ही चहाची परीक्षा ज्यांनी सुरू केली, त्याच बाई आज ती देत होत्या.

बाईंनी मान वर करून लगबगकडे पाहिलं. क्षणभरच. मग डावा हात पुढे गेला, डबा उघडला, पावडर पातेल्यात पडली.

"ही काय. समोरच तर आहे," बाई स्वतःशीच म्हणाल्या.

लगबगचा जीव भांड्यात पडला. पुढे साखर झाली, दूध झालं. दूध ओतल्यावर बाई पुन्हा थबकल्या. चहा फसफसत वर येऊ लागला. बाईंनी पुन्हा लगबगकडे पाहिलं, आणि लगेच हात खाली नेऊन गॅसचं बटण बंद केलं. दोन्ही कपांत चहा गाळला, एक थेंब न सांडता टेबलावर आणून ठेवला, आणि खुर्ची ओढून बसल्या. मनगटाचं प्लास्टर निघून फार दिवस झाले नव्हते, पण कप धरताना हात जराही थरथरला नाही.

"किती मार्क?"

"बाई, आपण मार्क कुठे देतो?"

"ठाऊक आहे. मीच बंद केले ते," बाई म्हणाल्या आणि चहा प्यायल्या.

त्या खोलीला पेशंट 'लुटुपुटूचं घर' म्हणत. एका भिंतीला लोखंडी पलंग, कोपऱ्यात संडास, मधे टेबलखुर्च्या, खिडकीपासून दोन पावलांवर ओटा. लकवा झालेले, भाजलेले, हाडं मोडलेले लोक बरे होऊन घरी जायला निघाले की आधी इथे येऊन संसार करून दाखवत. पलंगावरून उठायचं, कपडे घालायचे, चहा करायचा. खोलीबाहेरच्या पाटीवर 'व्यवसायोपचार विभाग' असं लिहिलं होतं. त्यामुळे अधूनमधून कोणीतरी मुलाचा बायोडाटा घेऊन दारात उभं राही. परवाच एका काकांना लगबगने सांगितलं होतं, "काका, आम्ही नोकऱ्या नाही लावून देत. शर्टाची बटणं लावायला शिकवतो." काका बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले होते. एवढं शिकून ही बाई बटणं लावते, हे त्यांच्या काही पचनी पडेना.

बटणं लावायला शिकवणं म्हणजे काय, ते तिला बाईंनीच शिकवलं होतं. कॉलेजात बाईंचा दरारा असा, की त्या व्हरांड्यात शिरल्या की मुलींच्या वेण्यासुद्धा सरळ होत. पहिल्याच वर्षी एका लकवा झालेल्या माणसाला शर्ट चढवताना हिने आपणच बाही ओढून दिली. बाई मागेच उभ्या होत्या. "त्याला एका बाहीला दहा मिनिटं लागतात. ती त्याची आहेत. तू कशाला चोरतेस?" असं म्हणून त्यांनी सगळ्या वर्गासमोर तिचं बारसं केलं. "ही आमची लगबग. हिचे हात पेशंटच्या आधी धावतात." तेव्हापासून तिला ही सवय लागली, हात मागे, तोंड बंद. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. आता ती विभागप्रमुख होती, केस पिकले होते, सगळं इस्पितळ तिला मॅडम म्हणत होतं. लगबग म्हणणारं एकच माणूस उरलं होतं, आणि ते वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर होतं.

बाई घरात पाय घसरून पडल्या आणि मनगट मोडलं, इतकंच आधी वाटलं होतं. मनगट जुळलं. पण तोवर सिस्टरांच्या लक्षात आलं, की बाई एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात. मोठ्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, विसरण्याचा आजार आहे, सुरुवात होऊन बरेच दिवस झाले असावेत, हुशार माणसं बेमालूम लपवतात. "घरी एकट्या राहू शकतील का, ते तुमचा विभाग ठरवेल. तुम्ही सांगाल तसं मी लिहीन," असं म्हणून ते पुढच्या खाटेकडे वळले. विभागातली दुसरी थेरपिस्ट बाळंतपणाच्या रजेवर होती. म्हणजे जे काही ते लगबगने एकटीनेच ठरवायचं होतं.

बाईंचं म्हणणं अगदी थोडक्यात होतं. "मला माझ्या घरात, माझ्या हाताने आतून कडी लावून झोपायचंय. बाकी तुम्हाला काय लिहायचं ते लिहा." लग्न केलं नाही, आई गेल्यापासून एकट्याच राहिल्या. भाचा सज्जन होता, बायकोही मायाळू होती. "आत्या, या ना आमच्याकडे," असं तो कितीतरी वर्षं म्हणत होता, आणि बाई कितीतरी वर्षं विषय बदलत होत्या.

चहा पिऊन बाई वॉर्डात गेल्या तेव्हा लगबगच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. झालं, जमलं, बाई घरी जाणार. कप विसळायला आलेली शिकाऊ मुलगी, चष्मेवाली, कौतुकाने म्हणाली, "मॅडम, तुमचं दोघींचं किती जुळतं! तुम्ही नुसतं बघितलंत तरी त्यांना कळतं."

"म्हणजे?"

"म्हणजे... त्या अडल्या की तुमच्याकडे बघतात, आणि मग लगेच त्यांना सुचतं. मला नाही माझ्या आईशी जमत असं."

पोरीच्या मनात काही नव्हतं. ती कप पुसून गेलीसुद्धा. लगबग मात्र ओट्याशी उभी राहिली, आणि दुपारचा डबा उघडायचं तिला सुचलंच नाही.

जेवणाच्या सुट्टीनंतर तिने चष्मेवालीला परत बोलावलं. "तू चहा कर. पण तुला काही येत नाही असं समज. अडलीस की माझ्या तोंडाकडे बघ, आणि मी कुठे बघतेय ते मोठ्याने सांग."

मुलीला हा नवीन खेळ वाटला. तिने पातेलं ठेवलं, अडल्याचं सोंग केलं आणि मान वर केली. "लायटर," ती म्हणाली. मग, "साखर... दुधाचं भांडं... आता बटण." तिला हसू फुटलं. "अय्या मॅडम, तुम्ही तर सगळी उत्तरंच सांगताय!" आणि मग तिचं हसू हळूहळू विरलं, कारण मॅडम हसत नव्हत्या.

"आजी मग..." ती चाचरली.

"आजी नाही. त्यांना बाई म्हणायचं," लगबग म्हणाली. "आणि हे तूर्त तुझ्या नि माझ्यात."

तो दिवस तिला फार जड गेला. हात तिने बांधून ठेवले होते, तोंडाला कुलूप लावलं होतं, आणि डोळे मोकाट सुटले होते. दुसऱ्या कुठल्या पेशंटच्या बाबतीत असं झालं नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. इतर पेशंट अडले की ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची. बाईंच्या बाबतीत तिला त्या पास व्हायला हव्या होत्या. इतक्या हव्या होत्या, की तिचं सगळं शरीर कॉपी पुरवत होतं.

आणि हे कोणाला कळणार होतं? डॉक्टर तिच्या शब्दावर सही करणार. चष्मेवाली दुसऱ्या विभागात जाणार. बाई घरी जाणार, आतून कडी लावणार. पण बाईंच्या घराखालच्या मजल्यावर एक जोडपं राहत होतं, त्यांचं मूल अजून रांगतही नव्हतं. त्या बाळाची आई बाईंना भेटायला आली होती तेव्हा ते तिच्या खांद्यावर झोपलं होतं. लगबगला ते सारखं डोळ्यांसमोर येत होतं. बाईंपेक्षाही ते बाळच येत होतं, याचा तिला राग आला.

संध्याकाळी ती बाईंच्या खाटेशी जाऊन बसली. बाई भाच्याने आणलेल्या मासिकाची पानं उलटत होत्या.

"बाई, उद्या सकाळी परत एकदा चहा करू या."

"का? आजचा वाईट झाला होता?"

"छान झाला होता. पण उद्या मी तुमच्याकडे पाठ करून बसणार."

बाईंनी मासिक मिटलं. त्यांचा चेहरा वर्गातल्यासारखा झाला. "माझ्यावर विश्वास नाही?"

"माझ्यावर नाही."

शेजारच्या खाटेवरच्या बाईचा नवरा तिचे पाय चेपत होता, ती त्याला "जोरात, जोरात" म्हणून ओरडत होती. बाई तिकडे बघत म्हणाल्या, "तुला मला घरी पाठवायचंच नाही. सरळ सांग ना."

"मला पाठवायचंय म्हणूनच तर गोंधळ झालाय, बाई."

"जा तू आता. मला झोप येतेय," बाई म्हणाल्या. बाहेर अजून चांगला उजेड होता. पाठ फिरवून त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या. लगबग उठली. वॉर्डाच्या दारापर्यंत जाताना आपण काहीतरी फार दुष्टपणाचं करतोय, असं तिला वाटत राहिलं.

सकाळी बाई स्वतःहून आल्या. केस नीट विंचरलेले, साडीची पिन जागच्या जागी. चष्मेवालीला लगबगने बाईंच्या मागे, दाराशी उभं केलं होतं, तोंड दिसणार नाही असं. सिलिंडर तिच्या पायाशी होता. खरंच धोका झाला तरच पुढे व्हायचं, नाहीतर श्वाससुद्धा मोठ्याने घ्यायचा नाही, असं बजावून ठेवलं होतं. लगबग स्वतः खिडकीकडे तोंड करून बसली. खिडकीतून मागच्या भिंतीवरचा एक पाण्याचा पाइप तेवढा दिसत होता.

"करा, बाई. दोघींसाठी."

नळ सुरू झाला, बंद झाला. पातेलं शेगडीवर बसल्याचा आवाज आला. साखरेच्या डब्याचं झाकण. मग बटण फिरलं. गॅस सूं करून सुटला. आता लायटर, लगबगने मनात म्हटलं. लायटर ओट्यावरच आहे, उजवीकडे.

लायटर वाजला नाही. कपाट उघडलं. कपांचा किणकिणाट झाला. बाई कप निवडत होत्या. एक ठेवला, दुसरा काढला, "याला चीर गेलीय," म्हणाल्या, तिसरा काढला. सूं चालूच होतं. बाईंच्या पावलांचा आवाज थांबला. बाईंनी नक्की मान वर केली असणार, त्या नक्की आपल्या पाठीकडे बघत असणार, हे लगबगला न बघता कळलं. तिने डोळे मिटून घेतले. बाई, लायटर. लायटर, बाई. आयुष्यात तिने देवाकडे इतक्या कळकळीने काही मागितलं नव्हतं.

वास आला. मागे चष्मेवालीची चप्पल करकरली. त्याच वेळी लगबग उठली, वळली, दोन ढांगांत ओट्याशी पोचली आणि बटण बंद केलं. मग खिडकीची दोन्ही दारं सताड उघडली.

बाई हातात दोन कप घेऊन उभ्या होत्या. त्यांनी आधी पातेल्याकडे बघितलं, मग लगबगकडे.

"उकळला का?" त्यांनी विचारलं.

बाईंनी कप ओट्यावर ठेवले आणि पातेल्यातल्या पाण्यात बोट बुडवलं. पाणी गार होतं. ते बोट त्यांनी पदराला पुसलं, खुर्चीवर जाऊन बसल्या आणि दाराकडे बघून म्हणाल्या, "ए चष्मेवाली, इकडे ये. काय बघितलंस ते सांग. गोड बोलायचं नाही."

मुलीने सांगायला सुरुवात केली आणि मधेच तिचा आवाज फुटला.

"रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड. इथे पेशंट बसलाय," बाई म्हणाल्या. मुलीने नाक पुसलं आणि सगळं सांगितलं. पाणी, साखर, बटण, कप. लायटर घेतला नाही. वास आला तरी कळलं नाही. बाई प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या, चांगलं उत्तर देणाऱ्या विद्यार्थिनीला द्यावी तशी दाद देत होत्या.

"ठीक. नीट बघितलंस. आता जा."

मुलगी गेल्यावर बाई लगबगकडे वळल्या. "काल मी कॉपी केली."

"बाई..."

"मधे बोलू नकोस. मला ठाऊक होतं. तुझ्या तोंडावर सगळं छापलेलं असतं, पहिल्या वर्षापासून. मी म्हटलं, ही सांगतेय तर घ्यावं. जन्मभर पोरींना कॉपीसाठी वर्गाबाहेर काढलं मी." त्या हसल्या, पण ते हसू पुरतं ओठांवर आलं नाही.

लगबग त्यांच्यासमोर बसली. "आपण गॅस काढून टाकू. विजेची किटली आणू, आपोआप बंद होणारी. स्वयंपाकाला कोणीतरी येईल. मी रोज चक्कर..."

"आणि औषधं? आणि पहाटे उठून दार उघडून मी खाली चालत गेले तर? चहा हा नुसता बघायला असतो, लगबग. चहात जे चुकतं ते सगळीकडे चुकतं. हे तुला मी शिकवलं, की मला तू शिकवतेस?"

"तुम्हीच."

"मग पेशंटला सांग. नातेवाइकांच्या आधी पेशंटला सांगायचं असतं."

लगबगने टेबलावरच्या चिरेकडे बघत म्हटलं, "बाई, तुम्हाला आता घरी एकटं राहता येणार नाही."

"टेबलाला काय सांगतेस? मला सांग."

तिने मान वर केली आणि बाईंकडे बघून तेच पुन्हा सांगितलं. बाईंचे डोळे भरून आले, पण त्यांनी ते पुसले नाहीत. "हं," एवढंच म्हणाल्या. बाहेर व्हरांड्यातून जेवणाची गाडी खडखडत गेली. ती पार दूर जाईपर्यंत बाई तशाच बसून होत्या.

मग सरळ झाल्या. "भाच्याला फोन लाव. मीच बोलणार. तू त्याला काही सांगायचं नाहीस."

लगबगने आपल्या फोनवरून नंबर लावून दिला. बाईंनी फोन कानाला लावला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मी बोलतेय. हे बघ, मी तुमच्याकडे राहायला येतेय. मीच ठरवलंय, मला कोणी सांगितलेलं नाही. मला खोली लहान दिलीस तरी चालेल, पण दार नीट लागणारं हवं."

पलीकडून भाच्याचा आवाज लगबगलाही ऐकू आला. "आत्या! खरंच? या ना! केव्हा येऊ न्यायला?"

"कळवते," बाई म्हणाल्या आणि फोन परत दिला. त्यांच्या चेहऱ्यावर थोडी टवटवी आली होती. हे काम तरी त्यांनी त्यांच्या पद्धतीने केलं होतं.

दोघी उठल्या. लगबगने पातेल्यातलं गार पाणी ओतून दिलं, कप कपाटात ठेवले, खिडकी लावली. ती वळली तेव्हा बाई दाराशी थांबल्या होत्या, काहीतरी महत्त्वाचं राहून गेल्यासारख्या.

"चल, आता भाच्याला फोन लावून दे," त्या म्हणाल्या. "मीच बोलणार. तू त्याला काही सांगायचं नाहीस."

लगबगच्या तोंडाशी शब्द आले, अहो बाई, आत्ताच नाही का. ते तिने गिळले. फोन काढला, नंबर लावला आणि बाईंच्या हातात दिला.

"मी बोलतेय," बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "हे बघ, मी तुमच्याकडे राहायला येतेय. मीच ठरवलंय, मला कोणी सांगितलेलं नाही."

पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आलं नाही.

"आत्या! खरंच?" भाचा म्हणाला. "या ना! केव्हा येऊ न्यायला?"

बाईंनी फोनवर हात ठेवला आणि लगबगकडे वळून हळूच म्हणाल्या, "बघ, किती आनंद झाला त्याला."